नदीकाठचे गाव आणि दोन देशांचा स्टुडिओ : वास्तुकला शिक्षणातील एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या खासगी, विनाअनुदानित वास्तुकला महाविद्यालयातील आहे. महाविद्यालयाचे, गावाचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही किरकोळ तपशील बदलले आहेत. त्या काळात चौथ्या वर्षाच्या डिझाइन स्टुडिओचा, म्हणजे प्रत्यक्ष आराखडे करत शिकण्याच्या विषयाचा, समन्वयक मीच होतो. त्यामुळे हे लेखन त्रयस्थाचे नाही, हे आधीच सांगितलेले बरे.

वर्गातील निम्म्याहून अधिक मुले आसपासच्या तालुक्यांतून एसटीने ये-जा करणारी होती. पदवीनंतर त्यांच्यापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. एक म्हणजे गावी किंवा तालुक्याच्या ठिकाणी स्वतःचे कार्यालय काढणे. तेथे सातबारा, मोजणी नकाशा आणि २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार बांधकाम परवानगी यांतच बहुतेक दिवस जातो. दुसरी वाट पुण्याकडे जाते, अशा कार्यालयांत जेथे आखाती देशांतील, ब्रिटनमधील किंवा अमेरिकेतील इमारतींची रेखाटने आणि मॉडेल तयार होतात. त्यातूनच काही जण पुढे पदव्युत्तर शिक्षणासाठी युरोपात जातात. आमचा अभ्यासक्रम मात्र यांपैकी कोणत्याच वाटेची तयारी धडपणे करून घेत नव्हता. चौथ्या वर्षी विद्यार्थी एखादे तारांकित हॉटेल किंवा शैक्षणिक संकुल कल्पित जागेवर आखत असत. त्या जागेला उत्तर दिशा असे. मालक, वहिवाट आणि शेजारी यांपैकी काहीच नसे. नगररचनेचा संबंध एका लेखी विषयापुरता येई. १९५५ मध्ये दिल्लीत नगर व ग्राम नियोजनाची स्वतंत्र शाळा निघाली आणि नियोजनाचे शिक्षण आपल्याकडे मुख्यतः वेगळ्या पदवीच्या रूपाने वाढले. त्या वाटणीची किंमत वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने आजवर मोजली आहे, असे माझे मत आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरांत दोन्ही वेळा पाणी शिरले होते, आणि त्याच वर्षांत हीच मुले वर्गात कल्पित जागेवरील हॉटेलांचे आराखडे काढत होती.

अडचण

२०२२ च्या सुरुवातीला नेदरलँड्समध्ये पदव्युत्तर शिक्षण घेत असलेल्या एका माजी विद्यार्थ्याच्या मध्यस्थीने तेथील एका विद्यापीठाकडून प्रस्ताव आला. पूरप्रवण नदीकाठचे एखादे गाव घ्यावे, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक सत्र काम करावे आणि शेवटी एकत्र ज्युरी (परीक्षकांसमोर कामाची मांडणी आणि चर्चा) व्हावी, असे त्याचे स्वरूप होते. त्या देशात १९९५ च्या पुराच्या वेळी सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले होते. त्यानंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी ‘नदीला जागा’ देण्याचे धोरण त्यांनी स्वीकारले आणि तीसहून अधिक ठिकाणी ते राबवले. या अनुभवाच्या आधारे ते आमच्या गावाकडे पाहू इच्छित होते.

संस्थेच्या व्यवस्थापनाला प्रस्ताव एका दिवसात पसंत पडला. प्रवेशाच्या माहितीपत्रकात परदेशी विद्यापीठाचे नाव छापता येते, आणि मूल्यांकनाच्या अर्जात सामंजस्य करारांसाठी रकाना असतो. यात लाजण्यासारखे काही नाही, कारण विनाअनुदानित महाविद्यालय रिकाम्या जागांवर चालत नाही. परंतु करार कशासाठी करायचा, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत आलाच नाही. शिक्षकांसमोर मात्र तीन पेच होते.

पहिला पेच चौकटीचा होता. आमची पदवी पाच वर्षांची आहे, तर युरोपात १९९९ नंतर तीन अधिक दोन वर्षांची रचना रुळली. त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी हा ऐच्छिक विषय होता. आमच्या विद्यार्थ्यांसाठी तो विद्यापीठाचा सक्तीचा पेपर होता, ज्याचा विषय अभ्यासक्रमात छापलेला आणि ज्याची अंतिम तोंडी परीक्षा बाहेरच्या परीक्षकाच्या हाती. दुसरा पेच भाषेचा होता. आमची बरीच मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. त्यांना इंग्रजी वाचता येते, पण ज्युरीसमोर त्या भाषेत वाद घालता येत नाही. तिसरा पेच त्या वेळी आम्हाला शब्दांत मांडता आला नाही. तो पहिल्या वर्षाच्या शेवटी कळला.

विचारात घेतलेले पर्याय

शिक्षकांच्या बैठकीत चार पर्याय आले. नेहमीचा अभ्यासक्रम तसाच ठेवून केवळ दहा दिवसांची संयुक्त कार्यशाळा घ्यावी, हा पहिला. तो सुरक्षित होता, पण कार्यशाळेची छायाचित्रे उरतात आणि बाकी काही उरत नाही, असा आमचा पूर्वानुभव होता. भागीदार विद्यापीठाचा ब्रीफ (प्रकल्पात काय करायचे, याचे लेखी टिपण) आणि वेळापत्रक जसेच्या तसे स्वीकारून संपूर्ण सत्र त्यावर बेतावे, हा दुसरा. पेपरचे नाव व गुणांची रचना विद्यापीठाचीच ठेवावी, परंतु त्याखाली आमचा स्वतःचा ब्रीफ द्यावा आणि परदेशी विद्यार्थ्यांना ठरावीक टप्प्यांवर सामील करून घ्यावे, हा तिसरा.

चौथा पर्याय एका तरुण सहकारी मॅडमनी मांडला. भागीदार हवाच असेल तर तो आसामातील का नसावा, असे त्यांनी विचारले. ब्रह्मपुत्रेच्या काठी मिसिंग समाजाची खांबांवर उचललेली चांग घरे आहेत. पूर दरवर्षी येतो हे गृहीत धरून तेथे पिढ्यान्‌पिढ्या घरे बांधली जातात. जमिनीचे तुकडे, पंचायत आणि सरकारी मदतीचे निकष हे सगळे आपल्या ओळखीचे आहे. बैठकीत कोणी त्यांना विरोध केला नाही. ‘पुढच्या वर्षी पाहू’ असे म्हणून विषय संपला. ‘जागतिक’ या शब्दाचा अर्थ आम्ही सर्वांनी ‘पश्चिमेकडचे’ असा मनात धरला होता, आणि तो तसा आहे का, हे कोणी विचारलेही नाही.

अखेर वेळ कमी असल्याने दुसरा पर्याय निवडला गेला. त्या निर्णयावर माझीही सही आहे.

पहिले वर्ष : केलेले काम

सप्टेंबर २०२२ मध्ये काम सुरू झाले. गावाला दोन दिवसांची भेट झाली, ड्रोनने चित्रण केले आणि त्या चित्रफिती, उपग्रह नकाशा व काही छायाचित्रे भागीदारांकडे पाठवली. मिश्र गट पाडले. दर गुरुवारी दुपारी दोन वाजता, म्हणजे तिकडे सकाळी साडेदहाला, ऑनलाइन चर्चा होई.

३० ऑक्टोबरला युरोपातील घड्याळे एक तास मागे गेली. त्यांची साडेदहाची वेळ कायम राहिली आणि आमची दोनची तीन झाली. चर्चा पाचपर्यंत लांबू लागली. तीन तालुक्यांकडे जाणाऱ्या सोयीच्या एसटी गाड्या त्याआधीच सुटत. त्यामुळे नोव्हेंबरपासून एकेक जण चर्चेच्या मध्यातच उठून जाऊ लागला, आणि उठून जाणारी मुले नेमकी नदीकाठच्या गावांतील होती. हजेरीपत्रकात हे दिसत होते. आम्ही त्याला शिस्तीचा प्रश्न समजलो.

डिसेंबरमधील ज्युरीत शीट, म्हणजे मांडणीची मोठी रेखाटने, देखणी होती. तरंगती घरे, उंचवट्यावरील वस्त्या, नदीकाठी पाणथळ उद्यान. एका गटाने नेदरलँड्समधील ओव्हरडिप पोल्डरचा (पोल्डर म्हणजे बांधांनी वेढलेली सखल जमीन) दाखला घेतला होता. तेथे काही शेतकरी सोडून गेले आणि राहिलेल्यांनी आपली शेतघरे मातीच्या उंच टेकाडांवर नव्याने बांधली. तसेच टेकाड आमच्या गावातील प्रत्येक वस्तीखाली दाखवले होते. भागीदार विद्यापीठाच्या प्राध्यापकांनी मग एक साधा, योग्य प्रश्न विचारला : दोनदा पूर येऊनही लोक उंचावरच्या भूखंडांवर का जात नाहीत? तो प्रश्न ज्या विद्यार्थिनीकडे आला ती स्वतः नदीच्या वरच्या अंगाच्या गावातील होती. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “सेंटिमेंट, सर.” ते समजुतीने हसले आणि पुढच्या शीटकडे वळले.

ज्युरीनंतर कँटीनमध्ये तीच मुलगी मैत्रिणींना सांगत होती. म्हशी कुठे बांधायच्या? वरच्या भूखंडावर घर बसते, गोठा बसत नाही, वैरण ठेवायला जागा नाही. दूध डेअरीला गेले नाही तर दहा दिवसांनी येणारे बिल येत नाही, आणि ते बिल म्हणजे घरखर्च. “आजी म्हणते, आधी जनावरं काढा, मग माणसं, भांडी राहू देत.” हे सगळे तिने पाच मिनिटांत, न अडखळता सांगितले. ज्युरीला हवे असलेले पूर्ण उत्तर तिच्याकडे होते. आमच्या स्टुडिओत ते ठेवायला जागा नव्हती. आमचा तिसरा पेच तो हाच.

निर्णयाचा टप्पा

जानेवारी २०२३ मध्ये आढावा घेतला तेव्हा दोन मते होती. करार थांबवावा, हे एक. मुलांना इंग्रजी संभाषणाचे वर्ग द्यावेत म्हणजे अडचण सुटेल, हे दुसरे. दुसरे मत व्यवहार्य वाटत होते आणि अंशतः खरेही होते. परंतु त्यात एक गृहीत लपलेले होते : मुलीला सांगता आले नाही, एवढीच त्रुटी आहे. तिला कोणत्या टप्प्यावर, कशाच्या आधारे आणि कोणासमोर बोलायला लावले, याची जबाबदारी त्यात कोणाकडेच जात नव्हती.

मग आम्ही एक प्रयोग केला, जो खरे तर पहिल्याच महिन्यात व्हायला हवा होता. टेकाडाचा हिशोब मांडला. माथ्यावर दहा गुंठे सपाट जागा हवी, उंची चार मीटर, बाजूंना एकास दोन उतार (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवे अंतर). माथ्याची बाजू सुमारे ३२ मीटर येते आणि पायथ्याची ४८. म्हणजे दहा गुंठ्यांच्या माथ्याखाली साडेबावीस गुंठे शेत जाते. भरावाला सुमारे ६,४०० घनमीटर मुरूम लागतो, आणि डंपरमध्ये दहा घनमीटर धरले तरी साडेसहाशेच्या आसपास खेपा होतात. गावातली काळी माती ओलीत फुगते आणि उन्हात भेगाळते. ती भरावाला चालत नाही, म्हणून मुरूम डोंगराकडून आणावा लागतो. आणि हे सगळे अशा गावात, जेथे चार भावांत मिळून दोन एकर ऊस आहे. फळ्यावर हा हिशोब पाहून वर्ग बराच वेळ गप्प होता. टेकाडाची कल्पना चुकीची नव्हती. ज्या देशात ती जन्मली तेथे जमिनीची मोठी धारणा, सरकारी भरपाई आणि शेतकऱ्यांनी स्वतः पुढे केलेला प्रस्ताव असे तिघांचे बळ तिच्यामागे होते. आम्ही कल्पना आणली आणि ते बळ मागेच राहिले.

करार चालू ठेवायचा, पण तिसऱ्या पर्यायाकडे यायचे, असे ठरले.

दुसरे वर्ष : बदललेली रचना

पहिले पाच आठवडे भागीदारांशी कोणताही संपर्क ठेवला नाही. दोघादोघांच्या जोडीला गावातील एक घर दिले आणि त्याचे मोजमाप करून एकास पन्नास प्रमाणात नकाशा व छेद (घर उभे कापल्यास आत जे दिसेल त्याचे रेखाटन) काढायला सांगितले. सोपा, माजघर, परडे, गोठा, वैरणीची जागा, पाण्याची टाकी, आणि भिंतीवर लाल ऑइल पेंटने ओढलेली २०१९ ची रेघ. प्रत्येक छेदात ती रेघ दाखवणे सक्तीचे होते. शब्द मराठीत लिहायचे, कारण ‘परडे’ या जागेला ‘बॅकयार्ड’ म्हटले की तिच्यातील निम्मे काम दिसेनासे होते. (मोजणी-रेखाटनाची ही पद्धत अस्सल देशी आहे, असा दावा मी करणार नाही. मुंबईच्या जे. जे. वास्तुकला महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून जुन्या इमारतींची मोजमापे घेववून ती रुजवण्यात क्लॉड बॅटली या इंग्रज शिक्षकाचा मोठा वाटा होता. बाहेरून आलेली गोष्ट कशी आपली होते, याचे ते आमच्याच घरातले उदाहरण आहे.)

याच काळात सातबारा आणि ग्रामपंचायतीचा नमुना आठ (घरांच्या कर आकारणीची नोंद) वाचायला शिकवले. स्वामित्व योजनेत झालेल्या गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा नकाशा ग्रामसेवकांनी पाहू दिला. पाटबंधारे खात्याची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, हे पुस्तकात एका ओळीचे वाक्य आहे. आपण मोजलेले घर यांपैकी कोणत्या रेषेच्या आत येते, हे शोधायला प्रत्येक जोडीला दोन दिवस लागले. पुनर्वसनाच्या चर्चेसाठी परदेशी दाखल्याआधी किल्लारीचा दाखला घेतला. १९९३ च्या भूकंपानंतर बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्त्यांची, चौकटींची ती गावे आणि जुन्या वाड्यांचे, गल्ल्यांचे, भावकीचे गाव यांतील अंतर विद्यार्थ्यांनी नकाशे शेजारी ठेवून पाहिले. त्याआधी वर्गातील बहुतेकांनी किल्लारीचे नाव केवळ सामान्यज्ञानाच्या प्रश्नात ऐकले होते. आसामचा विषय मांडणाऱ्या मॅडमनी तेथील एका शिक्षकाचे ऑनलाइन व्याख्यान घडवून आणले. ते हिंदीत झाले आणि संपूर्ण सत्रात सर्वाधिक प्रश्न त्याच तासाला विचारले गेले.

सहाव्या आठवड्यात भागीदार आले, पण एका अटीवर. त्यांच्या विद्यार्थ्यांनीही आपल्या भागातील एका शेतघराचे त्याच प्रमाणातील छेद काढून आणायचे आणि आमच्या मुलांनी त्यावर प्रश्न विचारायचे. पहिल्या वर्षी आमचे गाव रुग्ण होते आणि ते वैद्य. ही मांडणी कोणी मुद्दाम केली नव्हती, पण ती तशी झाली होती. या वेळी आमच्या एका विद्यार्थ्याने विचारले की नदीला जागा दिल्यावर जे शेतकरी निघून गेले, ते गेले कुठे? त्यांच्या गटाला याचे उत्तर शोधायला एक आठवडा लागला, आणि त्यांच्या प्राध्यापकांनी पुढे सांगितले की हा प्रश्न आता त्यांच्याही ब्रीफमध्ये आहे.

ज्युरीसाठी गावातून दोन जण आले : एक माजी सरपंच आणि एक दूध उत्पादक महिला. मांडणी मराठीत करायची की इंग्रजीत, हे विद्यार्थ्याने ठरवायचे. मराठीत केली तर दुसऱ्या विद्यार्थ्याने तिचे इंग्रजी भाषांतर करायचे आणि त्या कामाला अंतर्गत गुण द्यायचे. भाषांतराला गुण द्यावेत का, यावर शिक्षकांत बराच वाद झाला. माझा अनुभव असा की ‘भावकीत वाटणी झालेली नाही’ हे वाक्य परक्या माणसाला नीट समजावून देण्यासाठी जितका विचार करावा लागतो, तितका एखाद्या दर्शनी रेखाटनाला लागत नाही. ऑनलाइन चर्चेची वेळ आमच्या घड्याळाप्रमाणे स्थिर ठेवली. घड्याळ बदलल्यावर त्यांना एक तास लवकर यावे लागले. ते तक्रार न करता आले.

निष्पत्ती

तरंगती घरे या वर्षी एकाही शीटवर नव्हती. आठ जोड्यांपैकी पाच जोड्यांचे प्रस्ताव जनावरांसाठी उंच ओटा, वैरणीची कोरडी जागा आणि दूध संकलनाची सोय यांभोवती फिरत होते. शाळेजवळच्या गायरानावर पुराच्या काळात हे सगळे चालावे आणि एरवी तेथे बाजार भरावा, अशी त्यांची मांडणी होती. दूध उत्पादक बाईंनी एका शीटसमोर उभे राहून ओट्याच्या उताराकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, “एवढ्या चढावर गाभण म्हैस चढत नाही.” विद्यार्थ्याने उतार एकास सहावरून एकास दहावर आणला. परदेशी प्राध्यापकांनी ती दुरुस्ती स्वतःच्या वहीत काढून घेतली.

हिशोबाची दुसरी बाजूही आहे. अंतिम तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी बांधकाम क्षेत्रफळ कमी असल्याचे आणि इमारतीचा कार्यक्रम चौथ्या वर्षाला शोभणारा नसल्याचे कारण देऊन सरासरी गुण मागील वर्षापेक्षा खाली आणले. त्यांच्यासमोरील छापील निकष पाहता त्यांना दोष देता येत नाही. परदेशी अर्ज करू इच्छिणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी स्पष्ट नाराजी व्यक्त केली. पोर्टफोलिओत गोठ्याचा छेद कोण पाहणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यांपैकी एकाला पुढे जर्मनीत प्रवेश मिळाला. तो त्या छेदामुळे मिळाला की असूनही मिळाला, हे त्यालाही सांगता येत नाही.

गावाला आजवर काही मिळालेले नाही. ओट्याचा आराखडा ग्रामपंचायतीच्या ठरावासह तालुक्याला गेला आहे.

वेगळे काय करता आले असते

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आम्ही पहिल्या वर्षाआधीच जायला हवे होते. वास्तुकला परिषदेचे २०२० चे नियम किमान दर्जा ठरवतात. डिझाइनच्या पेपरखाली हॉटेलच असले पाहिजे, असे ते सांगत नाहीत. ती सक्ती विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातील होती आणि बदलता येण्याजोगी होती. आम्ही ती नियतीसारखी स्वीकारली आणि गुणांचा फटका विद्यार्थ्यांना बसू दिला. आता दुरुस्तीचा प्रस्ताव दिला आहे.

गावकऱ्यांच्या वेळेचा विचारही आम्ही उशिरा केला. घरोघरी तीनतीन तास टेप धरून उभे राहिलेल्या कुटुंबांना आम्ही चहाच्या बदल्यात आभार दिले. मोजलेल्या घराचा नकाशा मराठी मोजमापांसह त्या त्या घरी देणे अजिबात अवघड नव्हते. तो मिळकत पत्रिकेच्या कामालाही उपयोगी पडला असता. ही सूचना एका विद्यार्थिनीने केली, तेव्हा सत्र संपायला आठ दिवस उरले होते. निम्म्याच घरी नकाशे पोचले.

आसामबरोबरचे काम एका व्याख्यानापुरते ठेवणे, ही माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी चूक आहे. त्याला करार लागत नव्हता, व्हिसा लागत नव्हता, दुभाष्याही लागत नव्हता. केवळ ते माहितीपत्रकात छापण्याजोगे नव्हते.

आणि एक प्रश्न अजून सुटलेला नाही. विषम सत्र पावसाळ्यात सुरू होते, म्हणजे ज्या दिवसांत गावाला आमची वर्दळ नकोशी असते त्याच दिवसांत मोजणी येते. हा स्टुडिओ सम सत्रात, जानेवारीपासून घ्यावा, तेव्हा भागीदारांचेही सत्र फेब्रुवारीत सुरू होत असल्याने मेळ बसतो, असा प्रस्ताव पुढे आला. माजी सरपंचांना विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की जानेवारीत ऊसतोड चालू असते, दिवसभर घरी कोणी भेटणार नाही, संध्याकाळी सातनंतर या. संध्याकाळी सातनंतर परतीची एसटी नाही. सध्या मुक्कामासाठी गावातील शाळेच्या दोन खोल्या मिळतात का, याची चौकशी चालू आहे.